ओझं असणाऱ्यांनी हात वर करावा

हात वर गेलेला होता आणि तो त्याचाच होता. कोपराजवळ बायकोने केलेलं रफू कानाशेजारी दिसलं, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण डोळे उघडलेत, प्रार्थना संपलीय, आणि देवळातल्या पुढच्या बाकांवरची माणसं माना वळवून आपल्याकडे बघताहेत. बघताहेत आणि हसताहेत. टिंगलीचं हसू नव्हे, नवरदेवाकडे बघून हसतात तसं. "तो हात तसाच राहू द्या, भाऊ," पाळक वरून म्हणत होते, "मंडळीला बघू द्या. आणखी कुणी?" मग खांबापाशी एक हात वर गेला, खिडकीशी एक, मागे दोन. "एका महिन्याचा सबंध पगार," पाळकांचा आवाज भरून आला होता, "आणि पहिला हात कुणाचा, तर ज्याच्याकडून आपण कुणी अपेक्षाही केली नव्हती त्याचा." तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय कबूल केलंय ते. हात खाली घ्यावा हे सुचेना, वर ठेवावा तर पाळकांचं बोलणं खरं होत होतं. शेजारी बायको बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त त्याच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवला. इतक्या वर्षांत चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

झालं होतं ते एवढंच, की तो ऐकत नव्हता. म्हणजे बसला होता नीट, मान खाली घालून, पण आदल्या दिवसाचा शनिवार त्याच्या डोक्यातून हलत नव्हता. पाळक गरजूंच्या निधीबद्दल बोलत होते, निधी रिकामा झालाय, देणाऱ्यांची मनं आटलीत, एका महिन्याचा पगार देईल असं कुणी आहे का, आणि या माणसाच्या कानावरून ते सगळं रस्त्यावरच्या रहदारीसारखं जात होतं. मग डोळे मिटायला सांगितलं, त्याने मिटले. आणि त्या अंधारात एकच वाक्य आत शिरलं: "ज्यांच्या मनावर ओझं आहे, त्यांनी डोळे मिटलेले असतानाच हात वर करावा." आता या मंडळीत ओझं दोन तऱ्हेचं असतं. एक, जे कुणालाही असतं, ज्याने माणूस वाकतो. आणि दुसरं, जे देव मुद्दाम मनावर ठेवतो. एखादी बहीण म्हणते, मला त्या आजारी माणसाचं फार ओझं आहे. म्हणजे तिला त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं, केल्याशिवाय चैन पडत नाही. दोन्ही अर्थ तो लहानपणापासून ऐकत आला होता, दोन्ही वापरत आला होता, आणि कधी गल्लत झाली नव्हती. पण त्या सकाळी त्याच्याकडे एकच अर्थ शिल्लक होता. त्याला वाटलं, आपल्यासारख्यांनाच बोलावताहेत. त्याला इतकं बरं वाटलं. कुणीतरी विचारलं तरी. आणि हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सगळ्यांदेखत देवाकडे काही मागितलं होतं, आणि नेमकं तेच देणं म्हणून धरलं गेलं.

बाहेर पायऱ्यांवर लोक त्याचा हात हातात घेऊन सोडत नव्हते. खजिनदार आले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. फुलांचा हार आणला तरी पावती फाडतात म्हणून मंडळी त्यांना पाठीमागे पावतीवाले म्हणते, आणि आता तेही स्वतःला तसंच म्हणवून घेतात. "पुढच्या रविवारपर्यंत दिलंत तरी चालेल हो," ते म्हणाले, "घाई नाही. बाकीच्यांचं मी धरून चालत नाही, पण तुमचं मी लिहून टाकलं." त्याने मान डोलावली. नुसतं "चूक झाली" एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण पलीकडे झाडाखाली बायकांचा घोळका होता आणि घोळक्याच्या मध्ये बायको होती. एक एक बाई तिला मिठी मारत होती, आणि ती प्रत्येक मिठीला जरा अवघडून, हात कुठे ठेवावेत हे न कळून, उभी होती. तिचा चेहरा त्याने बघितला आणि ते दोन शब्द राहिले ते राहिलेच.

त्या चेहऱ्याचं असं होतं, की तो त्याला दर रविवारी वेगळा दिसायचा. अर्पणाची पिशवी यायची तेव्हाचा. काळ्या मखमलीची, लाकडी कड्याची ती पिशवी बाकाबाकावरून फिरत यायची, आणि बायको तिच्यात हात मनगटापर्यंत घालायची. अगदी तळाशी न्यायची आणि मग मूठ सोडायची. का, तर नाणं वरून पडलं की वाजतं. नोटा वाजत नाहीत. ती हे कधी बोलली नव्हती, त्याने कधी विचारलं नव्हतं, पण पिशवी पुढे गेली की तिच्या खांद्यांतला ताण उतरायचा तो त्याला शेजारी बसून कळायचा. इतकी वर्षं ही बाई देवाच्या घरात चोरासारखा हात घालत आली होती. आणि आज घरी जाताना ती रस्त्याच्या मधून चालत होती.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. रागावली नव्हती. "ठरवलं होतंत ना आधीच? कालपासून तुम्ही गप्प गप्प होतात तेव्हाच मला वाटलं, यांच्या मनात काहीतरी चाललंय."

"ठरवलं असं नाही," तो म्हणाला.

"मग तर आणखीच." तिने पदर सावरला. "भाड्याचं मी बघते. खालच्या मालकीण बाईंना सांगते, या महिन्याचं पुढच्या पगारात एकदम देऊ. त्या तोंडाच्या फाटक्या आहेत, पण ऐकतील. शेवटचं सांगतेय म्हणाल्या होत्या, तसं त्या दर वेळी म्हणतात. पुढचा पगार काही लांब नाही."

पुढचा पगार. त्याच्या आतल्या खिशात पाकीट होतं, बरगडीला टोचत होतं, आणि त्या पाकिटाच्या पुढे काही नव्हतं. शनिवारी दुपारी मालकांनी त्याला दुकानाच्या पुढच्या भागात बोलावलं होतं. एरवी तो मागच्या खोलीत असायचा. चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासायचं काम, ओलं चाक फिरतंय, त्यावर पाणी ठिबकतंय, खाली पांढरा गाळ साचतोय, आणि बोटांच्या टोकांची कातडी अशी गुळगुळीत झालेली की कागद उचलता येत नाही. कोपऱ्यात नवं मशीन येऊन महिना झाला होता. फ्रेम ठेवायची, काच ठेवायची, झाकण लावायचं. ते आपलं आपण मोजतं, आपलं आपण घासतं, आणि झालं की लहान पोरासारखं पीं करून सांगतं. हा माणूस महिनाभर त्या मशीनशी फार सभ्यपणे वागला होता. त्याच्यावर फडकं मारायचा. "तुमच्या हातासारखं काम नाही हो त्याचं," मालक म्हणाले, "पण त्याला पगार नाही." मग त्यांनी पाकीट पुढे केलं. महिना अर्धाच भरला होता, तरी पैसे पूर्ण दिले होते. मालक वाईट नव्हते, तीच तर पंचाईत होती. वाईट असते तर भांडता आलं असतं. तो आभार मानून आला. आभार मानले हे आठवलं की अजून त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

सोमवारी बायकोने नेहमीसारखा डबा भरून दिला आणि तो घेऊन निघाला. काय करणार? रविवारीच सांगायला हवं होतं, आणि रविवार हातचा गेला होता. आता सांगायचं म्हणजे एक नव्हे, दोन गोष्टी सांगायच्या: नोकरी गेली, आणि तो हात देण्यासाठी नव्हता. पहिली सांगितली की दुसरी आपोआप उघडी पडते. पहिलीनं तिचं घर जाणार होतं. दुसरीनं तिचं ते रस्त्याच्या मधून चालणं. कुठलं आधी काढून घ्यावं हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो चालत राहिला. चष्म्याच्या दुकानांतून विचारत फिरला. काचेच्या दारांची, थंडगार, उजेडाने भरलेली दुकानं. काउंटरवरची मुलगी आधी नंबर तपासायचाय का विचारायची, आणि काम हवंय म्हटल्यावर आत जाऊन यायची. आतून पीं असा आवाज यायचा, आणि तो मुलगी परत यायच्या आतच दाराकडे वळायचा. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र खुर्ची दिली. "घासणारा आता कोण ठेवतो?" तो म्हणाला. "मीच दुकान विकायला काढलंय. घेता का?" आणि दोघंही हसले. त्या दिवसभरात तो तेवढंच हसला. डबा त्याने बसस्थानकावर खाल्ला, सामान घेऊन बसलेल्या लोकांच्या रांगेत, म्हणजे आपणही कुठेतरी जायला निघालोय असं दिसावं. चव लागत नव्हती, पण उरवून नेलं असतं तर तिने विचारलं असतं.

आणि चालता चालता तो देवाशी बोलायचा. प्रार्थना म्हणावी असं ते नव्हतं; कटकट होती. तू ऐकलंस ना मी काय म्हणत होतो ते? पाळकांना नाही कळलं, माणूस आहेत. तुला तर कळलं असेल. मी मागतो म्हणालो आणि तू देतो म्हणून लिहून घेतलंस. ही कुठली रीत? तुझ्याकडे काय कमी आहे? कधी तो चिडायचा, कधी लगेच घाबरून माफी मागायचा, आणि माफी मागता मागता पुन्हा हिशेबाला लागायचा: पाकीट दिलं तर महिनाअखेर खोली रिकामी, नाही दिलं तर दोन महिने तग, आणि मग खोली रिकामीच. म्हणजे शेवट तोच. मग द्यायला काय हरकत आहे? देऊन टाकू या विचाराने आनंद व्हायला हवा, असं तो इतकी वर्षं ऐकत आला होता. आनंदाने देणाराच देवाला आवडतो म्हणतात. त्याने आनंद होतोय का ते आत चाचपून पाहिलं. भीती होती फक्त, आणि भीतीच्या खाली आणखी भीती.

त्याला वाढवलं ते आत्याने. कोंबड्या पाळायची, अंडी विकायची. दहावं अंडं देवाचं, ते वेगळ्या टोपलीत. दर दहाव्याला. एकदा मोजता मोजता दहावं आलं ते तडकलेलं निघालं. याने पाहिलं, आत्याने ते बाजूला ठेवलं आणि अकरावं उचलून देवाच्या टोपलीत घातलं. तडकलेलं रात्री याच्या ताटात आलं. "देवाला तडकलेलं चालत नाही का?" त्याने विचारलं होतं. "चालत असेल की," आत्या म्हणाली, "पण मला चालत नाही." ती असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर थोडीशी घमेंड होती, श्रीमंत माणसाच्या चेहऱ्यावर असते तसली, आणि फाटक्या चपलेतल्या बाईच्या चेहऱ्यावर ती बघून त्याला तेव्हा नवल वाटलं होतं. आत्या कर्जात मेली. तिच्या मागे लोक सावकारासारखे आले, कोंबड्या घेऊन गेले, खुराड्याची जाळीसुद्धा काढून नेली. ती चांगली बाई होती असं सगळे म्हणत होते आणि जाळी गुंडाळत होते. तिला काय मिळालं? हा प्रश्न त्याने तेव्हा विचारला नाही. आता बसस्थानकावर, शेजारच्या बाईचं गाठोडं मांडीला लागत असताना, तो हाच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत बसला.

गुरुवारी मात्र तो पाळकांकडे गेला. वाटभर वाक्य जुळवत गेला होता: "माझ्या ऐकण्यात चूक झाली." छान वाक्य होतं. कुणाचा दोष नाही, कानाचा. पाळक देवळाच्या मागच्या कठड्याला रंग देत होते, बाह्या दुमडून, नाकाला रंग लागलेला. त्याला बघून त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि कापडाला हात पुसत पुसत, तो काही बोलायच्या आतच, म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्हाला सांगू की नको असं चाललं होतं माझं." मग त्यांनी सांगितलं. शनिवारी रात्री त्यांनी राजीनामा लिहिला होता. मंडळी ऐकते आणि घरी जाते, कुणाचं काही हलत नाही. सात वर्षं झाली, आता आपल्यातच विश्वास उरला नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं. "मी देवाला म्हटलं, एक हात. फक्त एक. तोही अशा माणसाचा, ज्याला परवडत नाही. नाही आला तर मी सोडतो." ते हसले, पण डोळे पुसले, आणि डोळ्याखालीही रंग लागला. "आणि तुमचा हात आला, भाऊ. माझं वाक्य पुरं होतंय न होतंय तोवर आला. घाईने. मला तुमची ती घाई आठवते सारखी."

घाई होती खरी. बुडणारा माणूस करतो ती. पण हे त्यांना सांगणार कसं? जुळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं आणि समोर हा रंग लागलेला भला माणूस होता, ज्याचा अख्खा विश्वास आता याच्या कोपराच्या रफूला लटकत होता. त्याने विचारलं, "दुसरा ब्रश आहे का?" आणि दुपारभर कठड्याला रंग दिला. काम हातात असलं की त्याला जरा बरं वाटायचं. निघताना पाळक म्हणाले, "निधीच्या समितीवर तुमचं नाव घातलंय आम्ही. ज्याने पहिल्यांदा दिलं त्याने ठरवावं, कुणाला द्यायचं ते. रविवारी उपासनेनंतर मी आणि खजिनदार, आम्ही दोघं तुमच्याकडेच येतो." त्याला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. ज्या निधीपुढे त्याने हात पसरायचा, त्याच निधीच्या खुर्चीवर त्याला बसवलं होतं.

पगार या वेळी लवकर झाला एवढंच बायकोला सांगून त्याने पाकीट कपाटात टॉवेलांखाली ठेवलं होतं. ती येता जाता त्या कपाटाकडे बघायची. आठवडाभर ती गुणगुणत होती. खालच्या बाईंशी बोलून आली होती, त्यांनी काय काय ऐकवलं ते हसत हसत सांगत होती; देणाऱ्या माणसाला कुणी घालून पाडून बोललं तरी लागत नाही, असा तिला नवाच शोध लागला होता. शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, "मला एक सांगा, हात वर करताना काय वाटलं तुम्हाला?" तो घास गिळेपर्यंत थांबला. "काही सुचलं नाही," तो म्हणाला. "तसंच असतं वाटतं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं. त्याला त्या क्षणी तिचा इतका राग आला की तो ताटावरून उठणार होता. तिच्या आनंदाचा राग. आणि मग स्वतःची अशी किळस आली की त्याने ते वाढलेलं सगळं खाल्लं.

रविवारी दुपारी दोघं आले. घरात दोन खुर्च्या, तिसरी बायकोने खालून मागून आणली होती. पावतीवाले जिने चढून धापा टाकत होते. त्यांचे गुडघे गेलेले, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत यायचे. त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं, कागद काढला, पेनाचं टोपण उघडून मागे लावलं. बायको आत चहा करत होती. कागदावर एकच नाव होतं, देवळात झाडलोट करणाऱ्या मावशीचं. पाय मोडून ती घरात पडली होती, पगार थांबला होता, बघणारं कुणी नव्हतं. "जमेल त्यात एकच घर धड उभं राहील," पावतीवाले म्हणाले. "थोडं याला, थोडं त्याला करत बसलो की कुणाचंच भागत नाही. बाकीच्या हातांपैकी कोण आणून देतंय ते दिसतंच आहे मला. तुमचं आहे म्हणून चाललंय." पाळकांनी त्याच्याकडे वळून, खरोखरच आदराने, विचारलं, "भाऊ, तुमच्या पाहण्यात आणखी कुणी आहे का?"

नाही म्हणायचं होतं. जिभेवर नाहीच होतं. पण कुणीतरी विचारलं, हे दुसऱ्यांदा झालं होतं, आणि त्याच्या आत आठवडाभर ताणून धरलेलं काहीतरी त्या प्रश्नाने सैल सुटलं.

"एक आहे," तो म्हणाला.

"आपल्यातला?" पाळकांनी विचारलं.

"आपल्यातलाच. त्याची नोकरी गेलीय. घरी सांगितलेलं नाही. भाडं थकलंय, महिनाअखेर खोली सोडावी लागेल."

पावतीवाल्यांनी पेन उचललं होतं ते तसंच धरून ते वैतागले. "मग हा माणूस इतके दिवस बोलला का नाही? मंडळी कशाला असते मग? आम्हाला काय स्वप्न पडतं? हात वर करून सांगायला काय जातं माणसाचं?"

"केला होता त्याने हात वर."

"कधी?"

"गेल्या रविवारी."

"गेल्या रविवारी तर देणाऱ्यांना..." एवढं म्हणून पावतीवाले थांबले. त्यांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो उतरताना बघणं फार वाईट होतं. मग आतल्या दारातून आवाज आला, "कधीपासून?"

बायको ट्रे घेऊन उभी होती. पाहुण्यांकडे तिचं लक्षच नव्हतं.

"शनिवारपासून. त्याच्या आदल्या."

"आणि डबा?"

"खाल्ला रोज."

"कुठे?"

"बसस्थानकावर."

तिने ट्रे जमिनीवर ठेवला, कारण ठेवायला दुसरं काही नव्हतं. पाळक उठले, पुन्हा बसले. "भाऊ, मला क्षमा करा," ते म्हणाले. "मी माझ्यासाठी तो हात घेतला. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही." पावतीवाल्यांनी घाईघाईने पावतीपुस्तक मिटलं. "हे बघा, प्रश्नच मिटला. ते पाकीट तुमच्याकडेच राहू द्या. ऐकण्यात चूक झाली, होते माणसाची. मी खोडून टाकतो, कुणाला कळणार नाही." आणि त्याला एकदम, अंगातून ताप उतरावा तसं, हलकं वाटलं. संपलं. इतकं सोपं होतं. पाकीट कपाटात होतं आणि ते आता त्याचं होतं. त्याला पावतीवाल्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

तोवर बायको कपाटाशी गेली होती. टॉवेल बाजूला करून तिने पाकीट काढलं आणि आणून पावतीवाल्यांच्या मांडीवर ठेवलं. "पावती करा," ती म्हणाली.

"अहो बाई, तुम्ही ऐकलंत ना आत्ता..."

"ऐकलं. माझ्या नावाने करा. यांचा हात मागायला वर गेला होता, तो मागणाराच राहू द्या. पण आठवडाभर दिल्यासारखं मी वागले. बायकांनी मला मिठ्या मारल्या, त्या मी घेतल्या. त्या आता कशा परत करू?" तिचा आवाज सरळ होता, पण ती पाकीट ठेवलेला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून उभी होती. "आणि यांचं नाव त्या कागदावर घाला. मावशीच्या खाली."

"खाली घातलं तर उरणार नाही काही," पावतीवाले हळूच म्हणाले.

"मला हिशेब येतो. पण घाला. त्यांनी मागितलंय, ते कुठेतरी लिहिलेलं असू दे."

त्याला ओरडायचं होतं. तिच्या हातून पाकीट हिसकावून घ्यायचं होतं, पाळकांच्या देखत, असं त्याला अगदी खरोखर वाटलं, बोटं मिटलीसुद्धा. हिला वेड लागलंय. हा विश्वास आहे की निव्वळ माज, आणि असेल विश्वास तर तो आपल्याला आयुष्यभर का सापडला नाही, आणि असेल माज तर तो असा शांत कसा उभा आहे? त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे त्याला घाम दिसला, नाकाच्या शेंड्यावर, बारीक. पाळकांनी प्रार्थना करायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते नुसते मान खाली घालून बसले. पावतीवाल्यांनी पावती फाडली. मग कागद मांडीवर घेऊन मावशीच्या नावाखाली त्यांनी त्याचं नाव लिहिलं, सावकाश, बँकेतल्या अक्षरात, आणि पुढे रकमेची जागा रिकामी सोडली. चहा कुणी घेतला नाही.

दोघं गेले. दार लागल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली, हातात पावती. तो तिच्याकडे आला. विचारायचं एकच होतं, आता काय करायचं, आणि ते विचारायला त्याने श्वास घेतला.

"आत्ता बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द बोललात ना, तर मी जिन्यावरून धावत जाऊन ते पाकीट परत घेऊन येईन."

बाहेर पावतीवाले उतरत होते. एक पायरी, दोन पाय. थांबायचे, धाप टाकायचे, पुन्हा एक पायरी. पाळक त्यांना काहीतरी सांगत होते, आधार देत असावेत. अजून गाठता आले असते. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते बराच वेळ थांबले, इतका वेळ की ते माघारी येतात की काय म्हणून तो कान देऊन ऐकत राहिला, आणि तिचे डोळे त्याच्या ओठांवर होते. एक शब्द. कुठलाही चालला असता. तिचं नाव चाललं असतं. पैसे परत आले असते, खोली राहिली असती, आणि तिने त्याला कधी दोषही दिला नसता. त्याने दात घट्ट मिटले. आनंद कुठेच नव्हता. पाय पुन्हा उतरायला लागले. तो गप्प राहिला. तेवढंच त्याच्याजवळ द्यायला होतं.

खालचं दार लागलं. मग ती रडायला लागली.